पेला उचलणारा हात

(दृश्य: टेबलावर स्टीलचा पेला. उजवा हात त्याच्याकडे निघतो. दृश्य संथ होतं.)

हा हात नीट पाहा. पेला अजून वीतभर लांब आहे, तरी बोटं उघडायला लागलीसुद्धा. हालचालीचा साधारण दोन तृतीयांश वेळ सरतो तेव्हा पंजा सर्वांत जास्त उघडलेला असतो, पेल्याच्या रुंदीहूनही जास्त. मग मिटत मिटत तो पेल्याला भिडतो. लकवा मारलेल्या हाताचं घोडं बऱ्याचदा इथेच अडतं. हात कसाबसा पुढे जातो, पण बोटं वेळेवर उघडत नाहीत आणि पेला आडवा होतो.

हे उघडणं शब्दांत सांगून समजत नाही. ते दाखवावं लागतं: कामाचा व्हिडिओ रुग्णाला पाहायला द्यायचा आणि लगेच तेच काम त्याच्याकडून करून घ्यायचं.

(दृश्य: खुर्चीत बसलेले आजोबा. दोन्ही हात टेबलावर स्थिर, नजर टॅबवर.)

पाहण्याचा हातावर परिणाम का होतो? इटलीतल्या पार्मा इथं मेंदूचे अभ्यासक जाकोमो रिझोलात्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली माकडांच्या मेंदूतल्या काही चेतापेशींची नोंद प्रसिद्ध केली. माकडानं स्वतः वस्तू उचलली की त्या चेतायच्या, आणि समोरच्या माणसाला उचलताना नुसतं पाहिलं तरी चेतायच्या. समोर वस्तूच नसेल आणि हातानं फक्त उचलल्याचा आव आणला, तर मात्र बहुतेक गप्प राहायच्या. पुढे २००५ साली लंडनमधल्या संशोधकांनी नर्तकांचे स्कॅन घेतले. बॅले शिकलेल्यांच्या मेंदूतले हालचालीचे भाग बॅले पाहताना जास्त जागे होत होते, कापोएरा या ब्राझीलच्या नाचासारख्या युद्धकलेतल्यांचे कापोएरा पाहताना.

म्हणून व्हिडिओत काम खरं हवं, वस्तू खरी हवी, आणि काम रुग्णाच्या अंगवळणी पडलेलं हवं. जिनं चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या, तिला परातीतला हात दाखवा. प्लास्टिकच्या सोंगट्या एकावर एक रचताना पाहून तिचा हात तितकासा जागा होणार नाही.

पाहून करण्याच्या या उपचाराला ॲक्शन ऑब्झर्व्हेशन थेरपी म्हणतात. लकव्याला बराच काळ लोटलेल्या 8 रुग्णांवर तो चार आठवडे करून पाहिला गेला, त्याचे निष्कर्ष २००७ साली आले. हाताच्या कामात सुधारणा झाली आणि उपचार थांबल्यावर आठ आठवड्यांनीही ती टिकून होती. रुग्ण मोजकेच होते, पण पद्धत आजही जवळपास तीच आहे: सहा मिनिटं पाहायचं, लगेच सहा मिनिटं तेच करायचं.

(दृश्य: मोबाइल स्टँडवर लावला जातो. आधी समोरून, मग बाजूनं, मग खांद्यामागून.)

चित्रीकरण घरच्या मोबाइलवर होतं. कामाचे तुकडे पाडा: पेल्यापर्यंत हात नेणं, पकडून ओठांशी आणणं, परत ठेवणं. प्रत्येक तुकडा दोन मिनिटं, पुन्हा पुन्हा. एकदा समोरून, एकदा बाजूनं, आणि खांद्यामागून जरूर घ्या, कारण स्वतःचा हात आपल्याला तिथूनच दिसतो. उजवा हात अधू असेल तर उजवाच दाखवा. सेल्फी कॅमेऱ्यानं चित्र उलटं साठवलं तर उजव्याचा डावा होतो. ही चूक फार होते.

पाहताना रुग्णानं हात हलवायचा नाही. टीव्ही बंद, गप्पा बंद. मधेच विचारा, "अंगठा कुठल्या बाजूला गेला?" उत्तर आलं नाही तर लक्ष उडालंय किंवा थकवा आलाय, तिथेच थांबा. काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. त्यांच्यासाठी टॅब थोडा उजवीकडे सरकवा.

(दृश्य: आजोबांचा हात निघतो. खांदा कानाकडे चढतो, पाठ खुर्ची सोडते.)

आता इकडे पाहा. हात पुढे जाईना म्हणून कंबरेतून वाकणं झालं. पेला हाती येईल, पण कोपर उघडायला शिकणार नाही. पेला जवळ सरकवा, पाठ टेकलेली ठेवा. मदत लागली तर कोपर आणि मनगटाला खालून आधार द्या. दंड धरून ओढू नका. लकव्यानंतर खांद्याचा सांधा सैल पडलेला असतो, ओढल्यानं तो निसटून दुखू लागतो. बोटं अजिबातच हलत नसतील तर सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करा.

(दृश्य: पुन्हा पेला. बोटं या वेळी किंचित आधी उघडतात.)

पेला आधी रिकामा. तो चार-पाच वेळा न सांडता जाग्यावर आला की अर्धा भरा. पाणी प्यायला मात्र तेव्हाच द्या, जेव्हा गिळण्याची तपासणी झालेली असेल.