आजोबांनी जिंकलेलं युद्ध, नातवाने जपलेली आठवण

नमस्कार मंडळी! १८८५ साली अमेरिकेत कॅन्सरने खंगलेल्या एका आजोबांनी राष्ट्राध्यक्षांच्या नावे पत्र लिहिलं: माझ्या नातवाला, वयात आल्यावर, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत घ्यावं. नातू होता तीन वर्षांचा. आजोबा म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात, गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांविरुद्ध, उत्तरेला विजय मिळवून देणारे जनरल युलिसिस ग्रँट. पुढे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींनी त्या पत्राचा मान राखला.

हा नातू, युलिसिस ग्रँट तिसरा, १९०३च्या तुकडीत सहावा आला. पहिला होता डग्लस मॅकआर्थर, पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेला सेनापती.

ग्रँट लष्करी इंजिनिअर झाले. वॉशिंग्टनची उद्यानं आणि सरकारी इमारती त्यांच्या ताब्यात होत्या. पोटोमॅक नदीवरचा आर्लिंग्टन मेमोरियल पूल त्यांच्याच देखरेखीखाली उभा राहिला. त्याच्या एका टोकाला युद्धकाळातले राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचं स्मारक, दुसऱ्या टोकाच्या टेकडीवर दक्षिणेचे सेनापती ली यांचं घर. उत्तर-दक्षिण समेटाचा पूल! हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं इथूनच कळतं.

आता त्यांच्या संघटनेकडे येऊ. 'सन्स ऑफ युनियन व्हेटरन्स' १८८१ साली पिट्सबर्गमध्ये सुरू झाली. उत्तरेकडून लढलेल्या सैनिकांचे मुलगे-नातू तिचे सभासद. थडगी सांभाळायची, स्मारकं जपायची, मेमोरियल डेला, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनी, सैनिकांना मानवंदना द्यायची. १९५३ ते ५५ ग्रँट तिचे सरसेनापती, म्हणजे प्रमुख, होते, आणि १९५४मध्ये अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, तिला अधिकृत सनद दिली. १९५६ साली अल्बर्ट वुल्सन वारले. ते प्रत्यक्ष लढलेल्यांच्या संघटनेचे शेवटचे सभासद. ती संघटना तिथेच संपली. यापुढे युद्धाची आठवण सांगायला उरले फक्त वंशज.

मग काय सांगायचं, हा प्रश्न आलाच. १९५७मध्ये युद्धाची शंभरी साजरी करण्यासाठी नेमलेल्या शताब्दी आयोगाचं अध्यक्षपद ग्रँटना मिळालं. एप्रिल १९६१, दक्षिणेतल्या चार्ल्सटनमध्ये आयोगाची बैठक. युद्धाची पहिली तोफ जिथे डागली गेली ते शहर. न्यू जर्सीच्या प्रतिनिधी मॅडलिन विल्यम्स कृष्णवर्णीय, म्हणून हॉटेलने त्यांना खोली नाकारली. ग्रँट म्हणाले, हॉटेलच्या कारभारात आयोगाला बोलता येत नाही. अखेर राष्ट्राध्यक्ष केनेडींनी दबाव आणला आणि बैठक नौदलाच्या तळावर हलवली गेली.

मला ग्रँटविषयी आदर आहे. शहर घडवणारा, जुन्या वास्तू वाचवणारा माणूस. पण इथे ते चुकले, आणि फार चुकले. कोण जिंकलं, कोण हरलं एवढंच ते युद्ध नव्हतं. गुलामगिरी मोडली ती त्याच युद्धाने, त्यांच्या आजोबांच्या सैन्याने. उत्तर-दक्षिणेच्या गोऱ्यांनी हात मिळवले की समेट झाला, असं ते मानत राहिले. आणि ज्यांच्या सुटकेसाठी रक्त सांडलं, त्यांच्याच नातवंडांना दाराबाहेर उभं केलं गेलं.

त्याच वर्षी पत्नीच्या आजारपणाचं कारण देऊन ग्रँटनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी इतिहासकार ॲलन नेव्हिन्स आले. सप्टेंबर १९६२मध्ये आयोगाने लिंकन स्मारकापाशी मुक्तिघोषणेची, म्हणजे गुलामांना मुक्त करणाऱ्या लिंकन यांच्या घोषणेची, शताब्दी साजरी केली. त्या दिवशी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले वकील थर्गूड मार्शल बोलले, आणि कृष्णवर्णीय गायिका महेलिया जॅक्सन गायल्या.