सुजलेला गुडघा आणि गावातला फ्रिज

(दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, सकाळ. दाराची चौकट धरून उभी असलेली मुलगी.)

सकाळी तासभर हिचा गुडघा वाकतच नाही. दहा वाजता हीच पोर अंगणात पळते, म्हणून घरच्यांना कितीतरी दिवस वाटत राहिलं, शाळेचा कंटाळा असेल.

"लहान लेकराला कुठं वात होते काय?" गावात कोणीही असंच विचारतं. होतो. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवडे तरी टिकलेली आणि दुसरं कारण न सापडणारी सांध्याची सूज म्हणजे बालसंधिवात. डॉक्टर त्याला जेआयए म्हणतात. विदर्भात सांधे दुखले की आधी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आठवतो. तो तपासायलाच हवा, सांध्याचा क्षयही तपासायला हवा. पण अहवालात सिकलसेल नाही म्हटल्यावर शोध तिथेच थांबतो, हे फार वाईट आहे. मग कोणीतरी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालतात. सूज उतरते, पण मुलाची उंची खुंटते.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, प्रत्येक गुरुवारभोवती लाल गोल.)

हे गोल मेथोट्रेक्सेटचे, म्हणजे सांध्याची सूज आवरणाऱ्या औषधाचे. गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून आईनं लाल पेन वापरला.

याही औषधानं सूज हटली नाही, की जैविक औषधं येतात, म्हणजे जिवंत पेशींत तयार केलेली, सुईनं द्यायची औषधं. शरीरात टीएनएफ नावाचं प्रथिन जास्त झालं की सांधा धुमसत राहतो. एटानर्सेप्ट आणि अ‍ॅडालिम्युमॅब नेमकं त्यालाच अडवतात. एटानर्सेप्टला मुलांसाठी अमेरिकेत 1999 मध्ये मान्यता मिळाली. अ‍ॅडालिम्युमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधासारखंच दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं औषध, 2014 मध्ये भारतातच, झायडस कॅडिलानं आणलं. किंमत उतरली, तरी एका कापसाच्या हंगामावर चालणाऱ्या घराला ती जडच.

पहिल्या सुईआधी क्षयासाठी मांटू ही त्वचेवरची चाचणी आणि छातीचा एक्स-रे होतो. क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवायलाही टीएनएफच लागतं. ते अडवलं, तर अंगात दबून असलेला क्षय डोकं वर काढू शकतो. आपल्या भागात ही तपासणी टाळून चालणारच नाही.

(दृश्य: एसटी बस. मांडीवर थर्मासचा डबा.)

औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. म्हणून बर्फाची पिशवी आणि सिरिंज यांच्यामध्ये कापडाची घडी. अ‍ॅडालिम्युमॅब 25 अंशांच्या आत चौदा दिवस बाहेर टिकतं. मे महिन्यात चंद्रपूर-यवतमाळकडे रात्रीचा पाराही बहुतेक 25 च्या वरच असतो, मग या सवलतीचा उपयोग काय? मडक्याचा गारवाही पुरत नाही. गावात ज्यांच्याकडे फ्रिज आहे, त्यांच्याकडे मधल्या कप्प्यात हा डबा राहतो. लोडशेडिंग लांबलं की आई विचारायला जाते, "काकू, लाइन आली का?"

गुडघा बरा दिसला, तरी डोळ्यांची तपासणी सोडायची नाही. या आजारात डोळ्याला आतून सूज येऊ शकते. बहुतेकदा डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि नजर जात राहते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या स्लिट लॅम्प या यंत्राखाली पाहिल्याशिवाय ती सापडत नाही. आणि लेकराला ताप असेल, तर त्या दिवशीची सुई थांबवून आधी डॉक्टरांना फोन करायचा.