झुरका आणि आठ्या पडलेला चेहरा

[दृश्य : सातपूर एमआयडीसी. पाळी सुटली आहे. टपरीला दोरीने बांधलेला लायटर.]

महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे. टपरीवर हे सांगून बघा!

पहिला झुरका. निकोटीन फुफ्फुसातून रक्तात आणि तिथून मेंदूत पोचायला १० ते २० सेकंद पुरतात. मघाशी सुपरवायझर जे बोलला ते आता तितकं टोचत नाही. मग सिगारेटनं मन शांत केलं, की नुसती नजर दुसरीकडे वळवली?

[दृश्य : संगणकाचा पडदा, अगदी जवळून.]

हे मोजायची एक चाचणी आहे. पडद्यावर मधोमध अधिकचं चिन्ह. मग एकाच माणसाचे दोन चेहरे शेजारी-शेजारी, एक रागावलेला, एक कोरा. अर्ध्या सेकंदात दोन्ही गायब, आणि त्यातल्या एका जागी बारीक ठिपका. ठिपका ज्या बाजूला, त्या बाजूचं बटण दाबायचं. रागीट चेहऱ्याच्या जागी ठिपका आल्यावर बोट लवकर पडलं, तर नजर आधीपासून तिथेच होती. फरक असतो थोड्या मिलिसेकंदांचा, म्हणून हेच शेकडो वेळा करून घेतात.

निकोटीननं ही नजर वळते का, हे बघायचं तर तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. ओढणाऱ्याची सिगारेट बंद. सकाळी फुंकर मारायला लावून श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात, कारण ‘नाही ओढली’ यावर विसंबून चालत नाही. मग दंडावर पट्टी : २१ मिलिग्रॅम निकोटीनची, नाहीतर दिसायला तशीच पण रिकामी. कुणाला कोणती, हे लावणाऱ्यालाही माहीत नसतं. निकोटीन कातडीतून हळूहळू मुरतं. काही तास न थांबता चाचणी घेतली तर दोन्ही पट्ट्या सारख्याच ठरतात. आणि खऱ्या पट्टीखाली खाज सुटते, त्यावरून माणूस ओळखतो. म्हणून शेवटी विचारून घ्यावं, ‘कोणती होती वाटतं?’

काही प्रयोगांत, निकोटीन मिळाल्यावर धूम्रपान करणाऱ्यांचं लक्ष बोचऱ्या शब्दांकडे आणि चित्रांकडे कमी ओढलं गेलं. सगळ्याच प्रयोगांत नाही. ठिपक्याची चाचणीही लहरी. आज एक उत्तर, उद्या दुसरं. त्यापेक्षा कॅमेऱ्यानं थेट बुबुळांचा माग काढणं बरं.

पण खरी मेख तुलनेत आहे. रिकाम्या पट्टीवाला हा रात्रभर तलफ दाबलेला माणूस. रक्तातलं निकोटीन साधारण २ तासांत निम्मं होतं. ८ तासांच्या पाळीत एकदाही ओढली नाही, तर उरतं जेमतेम सोळावा हिस्सा. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, समोरच्याची आठी मोठी दिसते. झुरका ती आठी पुसतो, पण मोठी केली होती कुणी? कधीच न ओढणारा गट सोबत नसेल तर हा हिशेब सुटत नाही.

[दृश्य : सिन्नर. तेंदूची पानं, दोरा, वळणारी बोटं.]

विडीची तलफही अशीच. तेंदूच्या पानातून हवा फारशी जात नाही. विझू नये म्हणून झुरके भराभर घ्यावे लागतात.

[दृश्य : घर. संध्याकाळ.]

सोडताना पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड. ‘जेवायला वाढू का?’ हाही टोमणा वाटतो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं. हा ताण दोन ते चार आठवड्यांत उतरतो. पाकिटावर १८००-११-२३५६ हा मोफत मदतीचा नंबर छापलेला असतो.

सिगारेट सोडताना तलफ भागवायला निकोटीनचा गम मिळतो. हा २ मिलिग्रॅमचा गम साध्या च्युइंगमसारखा चघळायचा नाही. चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. ओसरल्या की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. सतत चघळला तर निकोटीन पोटात जातं, मग उचकी आणि मळमळ.

[दृश्य : टपरी. एका हातात कटिंग, तोंडात गम.]

इथेच चुकतं. चहानं तोंड आंबट होतं आणि निकोटीन गालातून नीट शोषलं जात नाही. चहा संपवा, १५ मिनिटं जाऊ द्या, मग गम.