एका पेराचं अंतर

नमस्कार मंडळी. आज मला जलतरणपटू वीरधवल खाडेबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात त्याला न मिळालेल्या पदकापासून करायची आहे.

ऑगस्ट २०१८, जकार्ता, आशियाई क्रीडा स्पर्धा. पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, वीरधवलनं २२.४३ सेकंद वेळ दिली. हा राष्ट्रीय विक्रम. आधीचा विक्रमही त्याचाच होता, २००९ सालचा, २२.५२ सेकंदांचा. मग अंतिम शर्यत झाली. जपानचा शुनिची नाकाओ २२.४६, वीरधवल २२.४७. कांस्यपदक नाकाओला मिळालं आणि आपला मुलगा चौथा आला. हीटमधलीच वेळ पुन्हा लागली असती तर पदक त्याचं होतं.

शतांश सेकंद म्हणजे पाण्यात किती? हा माणूस सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास जात होता. त्या वेगानं एका शतांशात दोन सेंटिमीटरच्या थोडं वर अंतर कापलं जातं. बोटाचं एक पेर, बस्स.

याहून बारीक का मोजत नाहीत, असं तलावावरची मुलं विचारतात. एकदा मोजलं होतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडलेत, म्हणजे पोहण्याचे चारही प्रकार असलेल्या शर्यतीत, स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांची वेळ शतांशापर्यंत सारखी आली. मग सहस्रांश पाहिले आणि दोन सहस्रांशांच्या फरकानं सुवर्ण लार्सनला दिलं. तेवढ्या वेळात जलतरणपटू जेमतेम तीन-चार मिलिमीटर सरकतो, आणि तलावाच्या दोन लेनच्या लांबीतला फरक त्याहून जास्त असू शकतो. त्यामुळे पुढे नियम बदलला. आता शतांशाला बरोबरी झाली की दोघांनाही तेच पदक. म्हणजे वीरधवल ज्या फरकानं हरला, तो या खेळात मोजता येणारा सर्वांत लहान फरक होता.

आपल्या नाशकात पोहणं म्हटलं की गंगा, म्हणजे आपली गोदावरी, डोळ्यांसमोर येते. पुरात दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं हे बघायला घाटावर गर्दी होते आणि अहिल्याबाई होळकर पुलावरून पोरं उड्या मारतात. मला त्या उड्यांची भीती वाटते, पण प्रवाह कुठे ओढतो आणि कुठे सोडतो याची त्या पोरांची जाण खरी असते. पन्नास मीटरची शर्यत मात्र निराळीच गोष्ट आहे. यात वळण नाही, त्यामुळे चूक सावरायला जागाच नाही. ब्लॉकवरून, म्हणजे उडी घ्यायच्या चौथऱ्यावरून, सुटायला उशीर झाला, तो झालाच. सुटल्यावर पंधरा मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर यावं लागतं. मग शेवटपर्यंत एखादा श्वास, कित्येकदा तोही नाही. आणि सगळं येऊन ठेपतं शेवटच्या हातावर. टचपॅड, म्हणजे हात लागताच घड्याळ थांबवणारी भिंतीवरची पाटी, अर्ध्या हातावर आलं तर आणखी एक छोटा हात मारायचा, की तसंच लांब होऊन सरकायचं? हा निर्णय विचार करून घेता येत नाही. रोज, वर्षानुवर्षं त्या भिंतीवर येऊन आदळल्यानं तो अंगात मुरतो. माझ्या आजच्या बोलण्याचं सगळं वजन या ‘रोज’वर आहे.

वीरधवल कोल्हापूरचा. बंगळुरूला निहार अमीन यांच्याकडे तयार झाला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये उतरला, तेव्हा त्याला सतरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्याच तलावात मायकेल फेल्प्सनं मिलोराद चाविचला १०० मीटर बटरफ्लायमध्ये हरवलं, ५०.५८ विरुद्ध ५०.५९. तोच एक शतांश. दोन वर्षांनी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत वीरधवलनं ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलं. १९८६ साली सोलला खजान सिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्य मिळवलं होतं. त्यानंतर आशियाई स्पर्धेत जलतरणाचं पदक भारताला मिळायला चोवीस वर्षं लागली. त्याच ग्वांगझूत आपल्या जिल्ह्याच्या कविता राऊतनं १०,००० मीटरमध्ये रौप्य आणि ५,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं होतं, हे इथल्या लोकांना सांगायला नको.

तेव्हा वीरधवल एकोणीस वर्षांचा होता. स्प्रिंटरची, म्हणजे कमी अंतराच्या शर्यती पोहणाऱ्याची, खरी वर्षं त्याच्यापुढे होती. पुढे राज्य सरकारनं त्याला तहसीलदार केलं.

यात कुणाचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पोराचं आयुष्य मार्गी लागावं असं कोणत्या आईबापांना वाटत नाही? दहावी आली की आपल्याकडे मुलांचं पोहणं बंद होतं, तेही याच काळजीपोटी. तलावावर सकाळी येणारी किती चांगली मुलं मी अशी जाताना पाहिली आहेत. पण तहसीलदाराचं काम म्हणजे फेरफार, पंचनामे, निवडणुका, मोर्चे, रात्री-अपरात्री येणारे फोन. त्यात सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास पाण्यात कुठून काढायचे? वीरधवलची नेमणूक मालवणला होती. समोर अख्खा समुद्र, पण स्प्रिंटरला समुद्राचा काय उपयोग? त्याला ब्लॉक लागतो, भिंत लागते, घड्याळ लागतं. पाण्याची पकड सुटायला फार दिवस लागत नाहीत, परत यायला फार लागतात. ऐन उमेदीतली काही वर्षं तो स्पर्धेच्या पाण्यापासून दूर राहिला.

इथे मला दत्तू भोकनळची आठवण होते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा मुलगा, वडिलांबरोबर विहिरी खोदणारा. सैन्यात बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे अभियंत्यांच्या दलात, गेला आणि तिथे त्याच्या हातात वल्हं आलं. २०१६ ला तो रिओ ऑलिंपिकला गेला. २०१८ च्या याच आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत बसून त्यानं सुवर्ण जिंकलं. दत्तूलाही नोकरीच होती. फरक एवढाच की त्या नोकरीत त्याची ड्यूटी पाण्यावर होती. पुण्याच्या आर्मी रोइंग नोडमध्ये रोज नाव ओढणं हेच त्याचं काम होतं. खेळाडूला पगार द्या, पद द्या, पेन्शन द्या, पण पुढची आठ-दहा वर्षं त्याच्या हजेरीची जागा तलाव ठेवा. आपल्याच राज्यातल्या सैनिकी केंद्रात हे जमतं, तर राज्य सरकारला का जमू नये, हा माझा प्रश्न आहे आणि मी तो फार मनापासून विचारतो आहे.

म्हणून मला जकार्तातले २२.४३ सेकंद पदकाहून मोठे वाटतात. आधीचा विक्रम झाला त्या २००९ साली जगभर पॉलियुरेथेनचे पोशाख चालत होते. ते पाण्यात शरीर वर उचलून धरत. २०१० पासून त्यांच्यावर बंदी आली. वीरधवलनं स्वतःचा तो विक्रम मोडला तो बंदीनंतर, साध्या कापडी पोशाखात, मधली वर्षं कचेरीत गेल्यावर, सत्ताविसाव्या वर्षी. सलग पोहायला मिळालं असतं तर तो कुठे पोचला असता याचा विचार मी अजूनही करतो.

त्यानंतरही तो पोहत राहिला. २०२३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत, बत्तिसाव्या वर्षी, त्यानं महाराष्ट्रासाठी ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं आणि निवृत्ती जाहीर केली. त्याच स्पर्धेत महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण ऋजुता खाडेनं घेतलं. ती त्याची पत्नी.