डोकं बाहेर येताना जोर लावू नका! डिलिव्हरीत मोठं फाटणं कसं टाळायचं?

नमस्कार मैत्रिणींनो. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय, 'ताई, नॉर्मल डिलिव्हरीत खालून फाटतं म्हणे, ते टाळता येतं का?' मी लेबर रूममध्येच काम करते, तेव्हा बोलूया.

आधी पटकन पायाभूत गोष्टी. थोडंफार फाटणं बहुतेक पहिलटकरणींना होतं. फाटण्याच्या चार पायऱ्या असतात. पहिली पायरी म्हणजे नुसती त्वचा, दुसरी म्हणजे खालचे स्नायूही. टाके पडतात, भरून येतं. आपल्याला टाळायची आहे ती तिसरी आणि चौथी पायरी. तिसरीत गुदद्वार आवळून धरणारा स्नायू फाटतो, चौथीत आतलं अस्तरही. यूकेच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे आकडे बघितले तर पहिल्या डिलिव्हरीत १०० पैकी साधारण ६ जणींना, पुढच्या वेळी २ पेक्षा कमी जणींना हे होतं. म्हणजे घाबरून झोप उडवायची गरज नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

आता मालिश. चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापासून, हात स्वच्छ धुऊन, अंगठा योनीत तीन-चार सेंटीमीटर आत घेऊन खाली गुदद्वाराकडे आणि बाजूंना हळूहळू ताण द्यायचा. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. रोज केलं म्हणजे जास्त फायदा, असं दिसलेलं नाही. पहिलटकरणींमध्ये यामुळे कट, म्हणजे वाट मोठी करायला डॉक्टरांनी दिलेला छेद, घ्यायची वेळ कमी येते. रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल, पाणी गेलं असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर अजिबात करू नका. आणि हो, कमेंटमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, 'तेल कुठलं?' अहो, बिनवासाचं, त्वचेला चालणारं कुठलंही घ्या! तेलावर पन्नास प्रश्न आणि प्रत्यक्ष डिलिव्हरीच्या शेवटच्या काही मिनिटांवर एकही नाही. खरा खेळ तिथेच आहे.

नीट ऐका. कळ आली की डोकं दिसतं, कळ ओसरली की मागे जातं. असं बराच वेळ चालतं. मग एका क्षणी ते मागे जायचं थांबतं. खाली भयंकर जळजळ होते, सगळं ताणून पातळ झालेलं असतं. नेमक्या याच वेळी खोलीतला प्रत्येक जण ओरडतो, 'लाव, लाव, अजून जोर लाव!' माझं डोकं फिरतं हो. जोर लावायची वेळ संपलेली असते तेव्हा! आता तोंड उघडं ठेवून छोटे छोटे श्वास, हा... हा... हा... कळ आपलं काम करते, तुम्ही तिच्यात भर घालायची नाही.

हेच आता डिलिव्हरी करणाऱ्या डॉक्टर किंवा नर्सच्या बाजूने. तिचा एक हात बाळाच्या डोक्यावर असतो, ते एकदम उसळू नये म्हणून. दुसऱ्या हाताने ती खालच्या भागाला आधार देते. डोकं मिलिमीटर-मिलिमीटर पुढे येऊ द्यायचं असतं. तुम्ही त्याच क्षणी पूर्ण ताकद लावली तर तिचे दोन हात काय करणार?

आणि एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून दिलेलं औषध, घेतलं असेल तर? जळजळ कळणारच नाही. मग आधीच ठरवून ठेवा, 'थांबा' म्हटलं की थांबायचं. सोबत येणाऱ्या माणसालाही सांगून ठेवा, डोकं दिसलं की ओरडायचं नाही, तिच्याबरोबर श्वास घ्यायचा.

याच वेळी कोमट-गरम पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ कापड खालच्या भागावर धरलं, तर तिसऱ्या-चौथ्या पायरीचं फाटणं कमी होतं, हे अभ्यासांत दिसलंय. कापड सोसवेल इतकंच गरम हवं, आणि हे आधी विचारून ठेवा, कारण ऐन वेळी कुणाला सुचत नाही.

एका ताईंनी लिहिलंय, 'आधीच कट मारला की फाटायचा प्रश्नच नाही ना?' मारलेला कट म्हणजेच दुसऱ्या पायरीची जखम, मग वाचलं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की सरसकट कट नको. बाळाचे ठोके खालावले किंवा फोरसेप (बाळाचं डोकं धरून बाहेर काढायचा चिमटा) लावायची वेळ आली, तर कट लागू शकतो. तो तिरका हवा, ताणलेल्या अवस्थेत साधारण ६० अंशांचा. सरळ खाली गेलेला कट थेट गुदद्वाराच्या स्नायूकडेच वाढत जातो.

सगळं तुमच्या हातात नाही, हेही सांगते. बाळ चार किलोच्या वर असेल, त्याचं तोंड वरच्या बाजूला असेल किंवा फोरसेप लागला, तर धोका वाढतोच. 'मी नीट श्वास घेतला नाही म्हणून फाटलं' असं स्वतःला बोल लावत बसू नका. त्या कमेंट वाचवत नाहीत मला.

डिलिव्हरीनंतर मात्र एक गोष्ट विचाराच, 'गुदद्वारातून बोट घालून तपासलंत का?' वरून ठीक दिसणाऱ्या जखमेखाली तो स्नायू फाटलेला असू शकतो, आणि वेळेत शिवला तर बहुतेक जणी छान बऱ्या होतात. घरी गेल्यावर गॅस आवरता येत नाही, शी अडवता येत नाही, असं वाटलं तर लाजून महिने काढू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. या तक्रारींवर पेल्विक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपी असते. तिचे व्यायाम पुढच्या व्हिडिओत दाखवते.