वय झालं म्हणून सोडून दिलेला बारीक ताप

श्रोतेहो, नमस्कार.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाची भूक मंदावली, वजन उतरलं, संध्याकाळी अंग कोमट लागलं, की घरचे म्हणतात, ‘वय झालं आता.’ काखेतला थर्मामीटर 99-100 च्या पुढे सरकत नाही. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अँटिबायोटिक येतं. गोळ्या चालू तोवर बरं, संपल्या की पुन्हा कणकण. असं महिनाभर चाललेलं दुखणं कधी कधी हृदयाच्या झडपेवरच्या जंतुसंसर्गाचं निघतं.

डॉक्टर त्याला इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस म्हणतात. तरुणाला यात हुडहुडी भरून ताप येतो. म्हातारपणी तसा येईलच असं नाही. नुसता अशक्तपणा असतो, बोलण्यात असंबद्धपणा येतो. झडपेवर वाढलेल्या जंतूंच्या पुंजक्यातला कण सुटून मेंदूत गेला, तर थेट अर्धांगवायूच.

वयानुसार झडपेवर कॅल्शियम साचून ती खरबरीत होते. किडलेल्या दातातून, लघवीच्या नळीतून, डायलिसिसच्या कॅथेटरमधून रक्तात शिरलेले जंतू तिथे ठाण मांडतात. कृत्रिम झडप किंवा पेसमेकर असेल तर धोका आणखी मोठा.

माझं सांगणं मुख्यतः त्या गोळीबद्दल आहे. निदानासाठी ब्लड कल्चर लागतं, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायची तपासणी. वेगवेगळ्या शिरांतून, शक्यतो तीनदा रक्त घेतात, आणि तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. परस्पर घेतलेल्या गोळीने ताप दबतो, झडपेवरचा जंतू मरत नाही आणि कल्चर मात्र कोरं येऊ शकतं. मग कुठल्या जंतूवर कुठलं औषध द्यायचं, हे डॉक्टरांनी अंदाजानेच ठरवायचं! उपचार साधारण 4 ते 6 आठवडे शिरेतून चालतात, काहींना शस्त्रक्रियाही लागते. एवढ्या लांबच्या उपचारात अंदाज परवडत नाही.

जोडीला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, असतेच. छातीवरून नीट दिसलं नाही, तर अन्ननलिकेत नळी घालून करतात. आणि कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस सापडला, तर डॉक्टर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, सांगतात. नातेवाईक चक्रावतात, दुखणं छातीत आणि तपासणी पोटाची? पण या जंतूचा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंध आढळला आहे, तेव्हा ती टाळू नका.

कृत्रिम झडप असलेल्यांनी, किंवा हा आजार पूर्वी होऊन गेलेल्यांनी, दात काढायला जाताना दंतवैद्यांना ते आधीच सांगावं. अशांना त्याआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एकच डोस देतात. बाकीच्यांना सहसा त्याची गरज नसते, तेव्हा शेजाऱ्याने घेतला म्हणून आपण मागू नये.