कापसाविना वाती

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी आत्या, वय 78, दुपारची ओटीवर वाती वळत बसली होती. रोजच्यासारखीच, फक्त हातात कापूस नव्हता. मध्येच मला म्हणाली, ‘‘गाय पाण्यावर नेलीस का रे?’’ गोठा मोडून वीस वर्षं झाली होती. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, म्हातारचळ लागला.

म्हातारचळ असा दोन दिवसांत लागत नाही हो! माणूस अचानक बरळायला लागलं, तर तडक दवाखाना गाठावा. आम्ही गाठला. रक्तातलं सोडियम निघालं 114. ते हवं 135 ते 145.

सोडियम म्हणजे ढोबळमानानं अंगातलं मीठ. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे, त्याची यावर नजर असते. मीठ चढलं की तो तहान लावतो आणि व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सोडून मूत्रपिंडाकडून पाणी धरून ठेवतो. उतरलं की संप्रेरक आवरतं घेतो, जास्तीचं पाणी लघवीवाटे जातं.

आत्याचं मात्र सगळंच जुळून आलं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, वर तीन दिवस जुलाब, ‘बीपी आहे’ म्हणून पेजही अळणी, आणि तांब्यावर तांब्या साधं पाणी. अंगातलं पाणी आटलं की शरीर आधी रक्तदाब सांभाळतं. सोडियम उतरलेलं असलं तरी पाणी सोडत नाही. मग ते पेशींत शिरतं. पाय सुजला तर सुजायला जागा असते, मेंदूभोवती कवटी. आधी मळमळ, मग भ्रम, आणि वेळ दवडली तर झटके. (हे ऐकून आपली गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

सलाइन अगदी सावकाश चाललं होतं. आतेभाऊ डॉक्टरांच्या मागे, ‘‘वेग वाढवा की!’’ डॉक्टर बधले नाहीत, आणि त्यांचंच बरोबर होतं. दोनेक दिवसांत मेंदूच्या पेशी आपल्यातले क्षार बाहेर टाकून पातळ रक्ताशी जुळवून घेतात. अशात सोडियम भराभर चढवलं तर मज्जातंतूंवरचं आवरण झडू शकतं. शुद्धीवर आलेला माणूस चार दिवसांनी बोलणं, गिळणंच गमावून बसतो. म्हणून दिवसाला सहसा 8 ते 10 च्या वर चढवत नाहीत.

चौथ्या दिवशी सोडियम 131. आतेभावानं पेजेचा डबा उघडला. आत्यानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

‘‘मीठ कोण घालणार यात?’’